नमुना सही

आज केलेली आमटी कालच्यासारखी झाली नाही तर घरात चार शब्द ऐकावे लागतात, पण आमटीवरून कोणी ‘तुम्ही म्हणजे तुम्हीच कशावरून?’ असं विचारत नाही. सहीवरून विचारतात. अठरा-एकोणीस वर्षांचे असताना, बहुधा एखाद्या रटाळ तासाला, वहीच्या शेवटच्या पानावर आपण एक नक्षी मुक्रर करतो. त्या वयात स्वतःबद्दल बऱ्याच गोड कल्पना असतात आणि त्या सगळ्या त्या नक्षीत उतरतात. पहिल्या अक्षराला राजेशाही तुरा, शेवटच्या अक्षराची शेपटी पार समासापर्यंत, खाली एक झोकदार रेघ आणि रेघेखाली, का कोण जाणे, दोन टिंबं. मग ती नक्षी बँकेच्या कार्डावर चढते, आणि पुढली चाळीस-पन्नास वर्षं आपण त्या पोराची नक्कल करत बसतो. पोरगा केव्हाच निघून गेलेला असतो. त्याचे केस, त्याची कंबर, त्याची राजकीय मतं, यातलं काहीही आपल्यापाशी शिल्लक नसतं. पण पेन्शन काढायची तर त्याच्यासारखी शेपटी मात्र काढता आली पाहिजे.

माझ्या वडिलांच्या सहीचा इतिहास दोन कालखंडांत सांगावा लागतो: गिरगावातला आणि भाईंदरचा. गिरगावात असताना बाबा फोर्टातल्या कचेरीत चालत जात. वेळेआधी पोचत, शिपायाशी हवापाण्याच्या गोष्टी करत, आणि मग मस्टरवर सही करत. सही म्हणजे आख्खं नाव. स्वतःचं, मग आजोबांच्या नावाचं आद्याक्षर, मग आडनाव, वेलांट्या-उकार जिथल्या तिथे. आणि सगळं लिहून झाल्यावर वरून एक लांबलचक शिरोरेघ. ती ओढताना त्यांची मान किंचित तिरकी व्हायची. रेघ संपली की पेनाचं टोपण लावण्याचा बारीक ‘टक्’ आवाज यायचा, आणि तोही सहीचाच भाग असावा असं मला लहानपणी वाटे.

मग ऐंशीच्या दशकात गिरगाव सोडून आम्ही भाईंदर पश्चिमेला आलो. चाळीतल्या खोलीच्या बदल्यात स्वतःचा ब्लॉक, संडास घरात, आणि खिडकीतून मिठागरं. उन्हाळ्यात दुपारी त्या वाफ्यांकडे बघवत नसे, इतकं ऊन त्यांच्यात साठलेलं असे. आई खूश होती. सहीची मात्र परवड झाली. चर्चगेट आता चाळीसेक किलोमीटरवर गेलं होतं. आठवडाभर लोकल वेळेवर धावली तर शुक्रवारी ग्रुपमध्ये कोणीतरी पेढे आणायचं. ठरलेल्या वेळेला शिपाई मस्टर उचलून साहेबांच्या केबिनमध्ये नेत असे, आणि त्यानंतर सही करायला आत जायचं म्हणजे लाल शाईचा सामना. त्यामुळे बाबांची सही धावत-पळत होऊ लागली. सगळ्यात आधी गेले आजोबा, म्हणजे त्यांचं आद्याक्षर. मग वेलांट्या गळाल्या. पुढे आडनावाची मधली दोन अक्षरं एकमेकांत मिसळून गेली, गर्दीच्या डब्यात मिसळतात तशीच. निवृत्त होईपर्यंत सही म्हणजे सुरुवातीला एक आकडा आणि पुढे नुसती आडवी रेघ इतकीच उरली होती. वसईच्या खाडीवरचा रेल्वेचा पूल उत्तनच्या बाजूने धुक्यात दिसावा तशी: या टोकाला काहीतरी आहे, त्या टोकालाही असणार, मधलं तुम्ही समजून घ्या. लोकलच्या ग्रुपमध्ये सहीवरून भविष्य सांगणारे एक गृहस्थ होते. सही चढती हवी, सपाट सहीवाल्याच्या हाती पैसा ठरत नाही, असं ते बाबांना नेहमी बजावत. बाबांच्या हाती पैसा ठरला नाही हे खरंच आहे, पण त्याला सहीपेक्षा ब्लॉकचा हप्ता जास्त कारणीभूत होता.

बँकेनं हे सगळं पोटात घातलं. शाखा स्टेशनपासून चालत जाण्यासारखी, काउंटरवरची माणसं वर्षानुवर्षं तीच. ती सहीकडे नव्हे, चेहऱ्याकडे बघून पैसे देत. आता ती माणसं निवृत्त झाली, चेहऱ्यांच्या जागी पडदा आला, आणि बाबांनी ऐंशी ओलांडली तसा त्यांचा हात थरथरू लागला. सोसायटीच्या मेंटेनन्सचा चेक परत आला. शेरा: सही जुळत नाही.

आम्ही दोघं बँकेत गेलो. समोर बसलेला अधिकारी तरुण होता, नुकताच बदलून आलेला, वागायला अतिशय नम्र. “अंकल, बुरा मत मानना,” असं म्हणून त्यानं पडदा आमच्याकडे वळवला. पडद्यावर खातं उघडतानाची नमुना सही होती. सबंध नाव, आजोबांसकट, आणि वर ती सळसळीत शिरोरेघ. बाबांनी चष्मा कपाळावर चढवला, वाकून पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, “सुरेख आहे हो. कोणाची?”

चेक परत येणं ही साधीसुधी गोष्ट नाही असं बाबांचं मत पडलं, आणि त्यात तथ्य होतं. १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमातलं कलम १३८ खात्यात पैसे नसताना चेक देणाऱ्यांसाठी प्रसिद्ध आहे; पण सही न जुळल्यामुळे परत आलेला चेकही त्या कलमाखाली येऊ शकतो, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१२ साली लक्ष्मी डायकेम खटल्यात म्हटलं आहे. हे बाबांनी कुठेतरी वाचून ठेवलं होतं. नोटीस यावी लागते, मग पंधरा दिवस मिळतात, आपल्या सोसायटीचे सेक्रेटरी आपल्याला नोटीस कशाला पाठवतील, हे मी परोपरीनं सांगितलं. पण हात थरथरला या गुन्ह्यासाठी ठाण्याच्या कोर्टात उभं राहिलेले बाबा त्यांना स्वतःला दिसू लागले होते. त्या चित्राला थोडी शानही होती, त्यामुळे ते लवकर पुसायला ते तयार नव्हते.

मला मात्र वेगळाच प्रश्न पडला. सही जुळायला हवी म्हणजे किती जुळायला हवी? याचं उत्तर शोधताना एका फार गमतीच्या खटल्याशी येऊन पोचलो. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये सिल्व्हिया ॲन हाउलँड नावाच्या श्रीमंत बाई १८६५ साली वारल्या. त्यांच्या भाचीनं मृत्युपत्राला जोडलेलं एक जादा पान पुढे केलं, त्यावर मावशीची सही होती. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, सही खोटी आहे. का? तर ती मूळ मृत्युपत्रावरच्या सहीशी तंतोतंत जुळते म्हणून! हार्वर्डचे गणिती बेंजामिन पर्स खटल्यात साक्षीला आले. त्यांनी आणि त्यांच्या मुलानं बाईंच्या बेचाळीस खऱ्या सह्या एकमेकींवर ठेवून पाहिल्या होत्या. सहीत वरून खाली येणारे तीस फटकारे. खऱ्या सह्यांत त्यातले सरासरी पाचातला एक जुळायचा. इथे तिसांपैकी तीस जुळले होते. माणसाच्या हातून असं घडणं जवळपास अशक्य, असं त्यांनी आकडेमोड करून सांगितलं. खटल्याचा निकाल पुढे वेगळ्याच मुद्द्यावर लागला, पण हस्ताक्षरतज्ज्ञ आजही हेच धरून चालतात: दोन सह्या अगदी काडीमात्र फरक न होता सारख्या निघाल्या, तर त्यातली एक गिरवलेली आहे.

म्हणजे बघा. जुळली नाही तर बँक परत पाठवणार, आणि फारच जुळली तर कोर्ट संशय घेणार. माणसानं स्वतःसारखं असावं, पण बेतानं. शेक्सपिअरच्या खात्रीनं त्याच्याच म्हणाव्यात अशा सहा सह्या उरल्या आहेत, त्यांची स्पेलिंगंसुद्धा एकमेकांशी जुळत नाहीत, आणि आज आपण लिहितो ते स्पेलिंग तर एकीतही नाही. भाईंदरच्या आमच्या शाखेत त्याचं खातं असतं तर एकही चेक वटला नसता.

तज्ज्ञांचं आणखी एक सांगणं आहे. खरी सही वेगात होते, म्हणून तिच्या रेघा कुठे दाट, कुठे विरळ असतात. खोटी सही सावकाश काढलेली असते. रेघ सगळीकडे सारख्या जाडीची, मध्येच पेन उचललेलं, पुन्हा टेकवलेलं. हे वाचलं आणि मला आजीची सही आठवली. आजी सातारा जिल्ह्यातली, डोंगराच्या कडेची. तिकडे १९५९ साली ग्राम शिक्षण मोहीम निघाली, आणि दिवसभर रानात राबलेली मोठी माणसं रात्री कंदिलाच्या उजेडात पाटी घेऊन बसू लागली. गाव साक्षर झालं की वाजतगाजत समारंभ व्हायचा. आजी त्यात बसली होती. वाचायला ती तशी बेताचंच शिकली, एसटीच्या पाट्या आणि देवळावरच्या देणगीदारांची नावं इतपत. पण सही करायला शिकली, आणि जन्मभर ती सही तिनं रांगोळी घालावी तशा निगुतीनं घातली. तिच्या नावात एक जोडाक्षर होतं. तिथं आल्यावर ती पेन उचलायची, श्वास घ्यायची, पदर सारखा करायची, आणि मग ते अक्षर दोन तुकड्यांत जोडायची. काउंटरवरचा माणूस तोवर पुढच्या दोघांची कामं उरकायचा. रेघ सगळीकडे सारख्या जाडीची, पेन मध्येच उचललेलं. तज्ज्ञाच्या भिंगाखाली ती सही ठेवली असती तर बनावट म्हणून बाजूला काढली गेली असती. इतकी खरी सही मी दुसरी पाहिलेली नाही.

तिच्याआधीच्या पिढ्यांना हा जाच नव्हता. जुन्या महजरांवर, म्हणजे वतनाचे तंटे गोतानं बसून तोडले त्याच्या कागदांवर, गावकऱ्यांच्या नावापुढे निशाण्या आहेत. पाटलाचा नांगर, शेटे-महाजनांचा तराजू, बलुतेदारांची आपापली हत्यारं. नाव कुलकर्ण्यानं लिहायचं, शेजारी ज्याची त्याची खूण. हा नांगर मागच्या नांगराशी जुळतो का, असं कोणी भिंग घेऊन पाहत नसे, कारण नांगरवाला समोर बसलेला असे आणि त्याला ओळखणारं सगळं गाव भोवती. छत्रपती शिवाजी महाराजांच्या पत्रांतही आपण आज म्हणतो तशी सही नसते. माथ्यावर मुद्रा आणि मजकूर संपला तिथे मर्यादेची मोहोर, पुढे कोणी काही घुसडू नये म्हणून. बाबा चेकवर ‘रुपये चार हजार फक्त’ असं लिहून पुढची जागा एका रेघेनं बंद करतात, ती त्याच मोहोरेची दूरची वंशज म्हणायची. हात थरथरत असला तरी ती रेघ ते अजून विसरत नाहीत.

आणि मग कधीतरी असा काळ आला की एका माणसाची सही सगळ्यांच्या खिशात जाऊन बसली. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर महाडजवळच्या नाते गावचे, चिंतामणराव देशमुख. १९४३ मध्ये ते त्या जागी आले आणि सहाव्या जॉर्जच्या चित्राच्या नोटांवर त्यांची सही छापली जाऊ लागली. त्याच सुमाराला त्यांनी केलेला मेघदूताचा मराठी अनुवादही प्रसिद्ध झाला. धारकाला पैसे देण्याचं वचन देणारा हात यक्षाचा निरोपही मराठीत आणत होता, हे तेव्हाच्या किती धारकांच्या ध्यानात आलं असेल कोण जाणे. भाईंदरच्या मिठागरावर दिवसाच्या हजेरीला अंगठा उठवणाऱ्या कुणाच्या मुठीतही शनिवारी ती सही आली असेल. त्याला ती वाचता आली नसेल, पण चालली असेल.

गव्हर्नर होऊनही ज्यांची सही नोटेवर आली नाही असे लोकही आहेत, आणि माझा ओढा खरं तर त्यांच्याकडे. पहिले गव्हर्नर ऑस्बोर्न स्मिथ यांची सही एकाही नोटेवर नाही. बँक १९३५ मध्ये निघाली, बँकेच्या पहिल्या नोटा १९३८ मध्ये आल्या, तोवर ते राजीनामा देऊन गेलेही होते. दुसरे आपले के. जी. आंबेगावकर. १९५७ साली जेमतेम दीड महिना गव्हर्नर होते, तेवढ्यात त्यांच्या सहीची नोट निघाली नाही. पण त्याआधी ते वित्त सचिव होते, आणि एक रुपयाच्या नोटेवर सही गव्हर्नरची नसते, वित्त सचिवाची असते. तेव्हा त्यांची सही एक रुपयावर तेवढी राहिली. देवाला वाहायला आणि आहेराच्या पाकिटात वरचा एक म्हणून घालायला सगळे तीच नोट शोधतात, हे पाहता सौदा काही वाईट झाला नाही.

सहीचा दरारा आमच्या लहानपणी खरा होता तो हिरव्या शाईचा. मार्कलिस्टची खरी नक्कल करायची तर गॅझेटेड ऑफिसर लागायचा, आणि भाईंदरसारख्या वाढत्या गावात तो सापडणं म्हणजे खाडीत सुई शोधणं. कोणाच्या तरी मेव्हण्याच्या ओळखीनं एक डॉक्टर मिळायचे. ते कागद न बघता, फोनवर बोलता बोलता, हिरव्या शाईत काहीतरी उमटवायचे, आणि त्या क्षणी आपले मार्क खरे व्हायचे. २०१५ साली महाराष्ट्र सरकारनं सांगितलं की आता तुमचे तुम्हीच साक्षांकित करा. मला पहिल्यांदा झेरॉक्सवर स्वतःचीच सही करताना चोरट्यासारखं वाटलं. मी मीच आहे हे मीच सांगायचं, तर मग इतकी वर्षं त्या डॉक्टरांना कशाला त्रास दिला?

बँकेतल्या त्या तरुणाकडे दोन मार्ग होते. एक, नवी नमुना सही देणं. दुसरा त्यानं जरा आवाज खाली आणून सांगितला: हात चालत नसलेल्या वृद्धांसाठी सोय आहे, अंगठा चालतो, दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. अंगठाही शक्य नसेल तर पायाचा अंगठासुद्धा नियमात बसतो. त्यानं हे खरंच सद्भावनेनं सांगितलं. पण बाबा खुर्चीत ताठ झाले. “साहेब,” ते म्हणाले, “आमच्या आईनं रात्र-रात्र जागून अंगठा सोडला. मी परत धरू?” अधिकाऱ्याला मराठी किती कळलं माहीत नाही, पण त्यानं निमूट पहिल्या मार्गाचा फॉर्म पुढे केला.

तो फॉर्म आम्ही घरी आणला. पुढचे काही दिवस जेवणाच्या टेबलावर सहीचा रियाज चालला. आलेल्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी, औषधाच्या दुकानाची बिलं, दिसेल त्या कागदावर. मला वाटलं होतं, ते आकडा आणि रेघ, म्हणजे निवृत्तीच्या वेळची आखूड सही देतील, तीच सोपी. पण त्यांनी गिरगावातली उकरून काढली. सबंध नाव. आजोबांचं आद्याक्षर इतक्या वर्षांनी परत आलं, वेलांट्या परत आल्या, थरथरत्या, पण आल्या. “आता कुठे लोकल पकडायची आहे?” असं त्यांनी विचारलं, त्यावर मी काय बोलणार. शिरोरेघ मात्र सरळ येईना. ती मिठागराच्या बांधासारखी मध्ये मध्ये खचायची आणि बाबा मान तिरकी करून तिच्याकडे बघत राहायचे.

फॉर्मवर नमुन्यासाठी तीन चौकोन होते. तिन्हींतल्या सह्या एकमेकींहून वेगळ्या झाल्या. अधिकाऱ्यानं त्या पाहिल्या, मग बाबांकडे पाहिलं, मग पुन्हा सह्यांकडे. मी मनात हाउलँडबाईंचा खटला त्याला ऐकवायच्या तयारीत होतो. पण त्यानं शिक्का उचलला आणि मारला. “तीनों आप ही के हैं, अंकल,” तो म्हणाला, “दिख रहा है.” साठ फुटी रस्त्यानं परत येताना बाबांनी रसवंतीवर थांबून मला उसाचा रस पाजला, स्वतः बिनबर्फाचा घेतला, आणि तो पोरगा पुढे मोठा होणार असं भाकीत केलं.

त्याच संध्याकाळी बेल वाजली. सुनेनं मागवलेलं काहीतरी पार्सल. दारातल्या पोरानं पार्सल बाबांच्या हाती दिलं आणि मोबाइल पुढे केला. “अंकल, साइन.” बाबांनी सवयीनं खिशाला हात लावला. “पेन नहीं, उंगली से.” बाबांनी तर्जनी काचेवर टेकवली आणि नावाला सुरुवात केली. आद्याक्षर आलं, पुढे आजोबा आले, आडनावाच्या दुसऱ्या अक्षराशी जागा संपली. ते मागे येऊन पुन्हा वरून शिरोरेघ ओढायला लागले तोवर पोरानं फोन काढून घेतला, “हो गया,” म्हणाला, आणि लिफ्टचं दार ओढून घेतलं.

बाबा पार्सल हातात धरून दारात उभे होते. “अरे,” ते मला म्हणाले, “त्यानं बघितलीसुद्धा नाही.”